वाचकांचे प्रश्न : निकेल, सोने, प्लॅटिनमची खाण पारखायची कशी?

परदेशी शेअरबाजारांत नोंदलेल्या खाणकंपन्यांविषयी आलेल्या पत्रांतून या वेळचे प्रश्न निवडले आहेत. हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळीकडे एकच गृहीत भाव धरले आहेत : निकेल टनाला १६,००० डॉलर, तांबे टनाला ९,०००, सोने औंसाला ३,००० आणि पॅलेडियम औंसाला १,०००. तुम्ही आकडेमोड कराल तेव्हा त्या दिवसाचा भाव घाला. औंस म्हणजे इथे ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा, आपल्या जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्यात सांगायचे तर पावणेतीन तोळ्यांहून किंचित कमी.

प्रश्न (ठाणे) : एका सोन्याच्या कंपनीने जाहीर केले की ‘२० मीटर जाडीत टनाला ५ ग्रॅम सोने, त्यात १ मीटरला ९२ ग्रॅम’. शेअर एका दिवसात दीडपट झाला. हा निकाल खरोखर इतका चांगला आहे का?

आधी त्या एका मीटरला बाजूला काढा. २० मीटर गुणिले ५ म्हणजे १०० ‘ग्रॅम-मीटर’. त्यातले ९२ एकट्या मीटरचे. उरलेल्या १९ मीटरमध्ये फक्त ८, म्हणजे टनाला ०.४२ ग्रॅम. भूमिगत खाणीत ०.४२ ग्रॅमचा दगड वर आणायला जो खर्च येतो तेवढेही त्यातून सुटत नाही. थोडक्यात, तुमच्यासमोर एक मीटर जाडीची शिर (खडकातली सोन्याची पट्टी) आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना जवळपास नुसता दगड. ‘त्यात’ हा शब्द दिसला की ही वजाबाकी करायचीच. अर्धा मिनिट लागतो.

दुसरे, ते २० मीटर कुठले? ड्रिलच्या दांड्यावर मोजलेले. शिर उभी असेल आणि ड्रिल तिच्या उताराला जवळजवळ समांतर गेले असेल तर ४ मीटरची शिरसुद्धा २० मीटर दिसते. जाहीरनाम्यात ‘खरी जाडी’ दिली आहे का ते बघा. दिली नसेल तर छेदचित्र मागा, आणि छेदचित्रही नसेल तर कंपनीला जाडी सांगायची नाही असे समजून चाला.

तिसरे, ९२ हा आकडा कुठल्या पद्धतीने आला. नेहमीच्या फायर अ‍ॅसेमध्ये, म्हणजे सोन्याच्या भट्टीतल्या चाचणीत, ३० किंवा ५० ग्रॅम भुकटी वितळवतात. सोने दाणेदार असेल तर एखादा दाणा त्या चिमटीत आला की ९२ आणि न आला की २, असे होते. अशा साठ्यांत सुमारे किलोभर नमुना चाळून जाड दाणे आणि बारीक भुकटी यांची वेगळी चाचणी करतात. तिला स्क्रीन फायर अ‍ॅसे म्हणतात. पुढे साठ्याचा अंदाज बांधताना अशा टोकाच्या आकड्यांना वरची मर्यादा घालतात, तिला टॉप-कट म्हणतात. समजा ती ३० ग्रॅमची घातली, तर तुमच्या २० मीटरची सरासरी १.९ ग्रॅमवर येते.

चौथी गोष्ट बहुतेक जण पाहत नाहीत. जाहीरनाम्याच्या शेवटी सगळ्या ड्रिल होलचा तक्ता असतो. क्रमांक २१, २२, २४, २७ आहेत आणि २३, २५, २६ नाहीत, असे दिसले तर ती होल कुठे गेली ते विचारा. कधी निकाल यायचे बाकी असतात. कधी आलेले असतात.

आकाराचा अंदाज स्वतः बांधा. समजा शिर ४०० मीटर लांब, १५० मीटर खोल आणि खरी जाडी ४ मीटर. खडकाची घनता २.८ धरली तर ६ लाख ७२ हजार टन होतात. टनाला ५ ग्रॅम धरून ३.३६ टन सोने, म्हणजे सुमारे १ लाख ८ हजार औंस. कंपनी ‘दहा लाख औंसांची क्षमता’ म्हणत असेल तर बाकीचे नऊ लाख कुठून यायचे, हे नकाशावर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

प्रश्न (नाशिक) : एका निकेल कंपनीकडे १०० कोटी टनांचा साठा आहे, पण ग्रेड (दगडातले धातूचे प्रमाण) फक्त ०.२५ टक्के. दुसरीकडे २० लाख टन, ग्रेड २ टक्के. साध्या गुणाकाराने पहिलीत २५ लाख टन निकेल, दुसरीत ४० हजार टन. तरी लोक दुसरीला चांगली म्हणतात. असे का?

कारण पहिल्या गुणाकारातले निकेल कोणत्या खनिजात बसले आहे ते तुम्हाला माहीत नाही. कदाचित कंपनीलाही पुरते माहीत नसेल.

पेरिडोटाइट, ड्यूनाइट अशा खडकांत मुळातच ०.२ ते ०.३ टक्के निकेल असते. ते ऑलिव्हीन नावाच्या सिलिकेट खनिजात विरलेले असते, आणि फ्लोटेशनच्या टाकीत फेस आणून ते वेगळे करता येत नाही. फेसाबरोबर वर येते ते सल्फाइडमधले, म्हणजे गंधकाशी जोडलेले, निकेल, मुख्यतः पेंटलँडाइटमधले. म्हणून ०.२५ टक्के ‘एकूण निकेल’ हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. त्यातले सल्फाइड निकेल किती, हा प्रश्न.

त्याची एक घरगुती कसोटी आहे. पेंटलँडाइटमध्ये निकेल आणि गंधक वजनाने जवळपास सारखेच असतात, प्रत्येकी तिसरा हिस्सा. तेव्हा चाचणीच्या तक्त्यात गंधकाचा रकाना शोधा. निकेल ०.२५ आणि गंधक ०.०५ टक्के असेल तर पेंटलँडाइटमध्ये जास्तीत जास्त ०.०५ टक्के निकेल असू शकते. बाकीचे सिलिकेटमध्ये अडकलेले. याला अपवाद आहेत. पाण्याने बदलून सर्पेंटाइन झालेल्या खडकात हीझलवूडाइट मिळते, ज्यात गंधक कमी आणि निकेल सुमारे ७३ टक्के. आणि अवारुआइट मिळते, जो निकेल-लोखंडाचा नैसर्गिक मिश्रधातू आहे, त्यात गंधक नाहीच, पण तो चुंबकाला चिकटतो. कंपनी या दोहोंचे नाव घेत असेल तर सूक्ष्मदर्शकाखालचा खनिज-अहवाल असला पाहिजे. प्रयोगशाळेची पद्धतही पाहा. चार अ‍ॅसिडांच्या चाचणीत सगळा खडक विरघळतो, सिलिकेटसकट. फक्त सल्फाइडमधले निकेल मोजायचे तर अमोनियम सायट्रेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची सौम्य चाचणी वापरतात.

आता पैसे. पहिल्या साठ्यात टनाला अडीच किलो निकेल, म्हणजे ४० डॉलर. कॅनडातल्या अशा कमी ग्रेडच्या, मोठ्या साठ्यांच्या अभ्यासांत रिकव्हरी (दगडातल्या धातूपैकी प्रत्यक्ष सुटा होणारा भाग) बहुधा पन्नास टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवलेली असते. ४३ टक्के धरली तर १७ डॉलर उरले. कॉन्सन्ट्रेट (फ्लोटेशननंतरची धातूयुक्त भुकटी) विकताना स्मेल्टर, म्हणजे धातू गाळणारा कारखाना, पूर्ण भाव देत नाही. ७५ टक्के मिळाले असे धरू. हातात १३ डॉलर. त्यातून खोदकाम, दळण, वीज, पगार, टेलिंग्जचे, म्हणजे उरलेल्या गाळाचे, धरण. हे जमू शकते, पण दिवसाला लाखभर टन दगड हलवूनच, आणि त्यासाठी सुरुवातीलाच अब्जावधी डॉलर उभे करून. निकेल टनाला दोन हजार डॉलरनी उतरले तर त्या १३ मधले दीडेक डॉलर जातात, आणि बहुधा तोच सगळा नफा असतो.

दुसऱ्या साठ्यात टनाला २० किलो, ३२० डॉलर. रिकव्हरी ८५ टक्के, भाव ७५ टक्के, हातात २०४. भूमिगत खाणीचा आणि दळणाचा सगळा खर्च टनाला १२० ते १४० डॉलर गेला तरी काही उरते. अडचण वेगळी : २० लाख टन म्हणजे वर्षाला ४ लाख टन काढले तर पाच वर्षांत खाण संपली. एवढ्यासाठी स्वतःचा कारखाना बांधणे परवडत नाही. शेजारी कोणाचा कारखाना आहे का, त्यात जागा आहे का आणि तो आपला दगड घेईल का, यावर सगळे ठरते. ऑस्ट्रेलियात काम्बाल्डाच्या परिसरात लहान खाणी वर्षानुवर्षे अशाच चालल्या. त्या भागातला मोठा ग्राहक बीएचपीचा निकेल वेस्ट विभाग होता. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये तात्पुरता थांबवला गेला, आणि ‘शेजारचा कारखाना’ गृहीत धरून केलेले हिशेब पुन्हा मांडावे लागले.

कॉन्सन्ट्रेटमधल्या दोन नकोशा पाहुण्यांविषयी : आर्सेनिक आणि मॅग्नेशिया. आर्सेनिक जास्त असेल तर स्मेल्टर दंड कापतो, फार असेल तर माल नाकारतो. मॅग्नेशिया टाल्कबरोबर येतो. टाल्क स्वतःहून फेसाला चिकटतो आणि भट्टीत स्लॅगचा (वितळलेल्या मळीचा) वितळबिंदू वाढवतो, म्हणून कॉन्सन्ट्रेटच्या करारात लोखंड आणि मॅग्नेशियाचे गुणोत्तर लिहिलेले असते. अहवालात निकेलची रिकव्हरी ठळक दिली असेल आणि या दोहोंचा उल्लेखच नसेल, तर कॉन्सन्ट्रेट अजून कोणाला दाखवलेले नाही असे समजा.

प्रश्न (कोल्हापूर) : ‘निकेल-समतुल्य ०.८४ टक्के’ असे लिहितात त्याचा अर्थ काय? त्यावर विसंबावे का?

निकेल, तांबे, पॅलेडियम या सगळ्यांची किंमत काढून ती निकेलच्या टक्क्यांत मांडलेली असते. पद्धत गैर नाही. लबाडी शिरते ती गृहीतकांत.

तुमचा ०.८४ चा आकडा असा येऊ शकतो : निकेल ०.४० टक्के, म्हणजे ६४ डॉलर, तांबे ०.३५ टक्के, ३१.५ डॉलर; पॅलेडियम टनाला १.२ ग्रॅम, ३८.६ डॉलर. बेरीज १३४. एक टक्का निकेल १६० डॉलरचे, म्हणून ०.८४. इथे सगळ्याच धातूंची रिकव्हरी १०० टक्के धरली आहे.

प्रत्यक्षात निकेलची ७० टक्के, तांब्याची ८५ आणि पॅलेडियमची ५५ टक्के रिकव्हरी धरा : ९३ डॉलर. मग स्मेल्टरचा भाव लावा, निकेलला ७५ टक्के, वेगळ्या तांबे-कॉन्सन्ट्रेटला ९५, पॅलेडियमला ६० टक्के : ७२ डॉलर. खडकातल्या १३४ डॉलरपैकी ७२ हातात आले, तेही वाहतूक आणि प्रक्रियाशुल्क कापण्यापूर्वी.

आता त्याच खडकाला पॅलेडियमचा २,३०० डॉलर भाव लावून पाहा. २०२२ च्या मार्चमध्ये पॅलेडियम ३,००० च्याही वर गेले होते, तेव्हा हा भाव कोणाला जास्त वाटत नव्हता. समतुल्य ग्रेड ०.८४ वरून १.१५ टक्क्यांवर जाते. दगड तोच. म्हणून जुन्या अहवालातली समतुल्य ग्रेड कधीही जशीच्या तशी उचलू नका; प्रत्येक धातूची मूळ ग्रेड शोधून आजच्या भावाने स्वतः मांडा. ऑस्ट्रेलियाच्या जोर्क संहितेनुसार (साठे जाहीर करण्याची नियमावली) समतुल्य आकडा देताना भाव, रिकव्हरी आणि सूत्र जाहीर करावे लागते, आणि त्यातला प्रत्येक धातू खरोखर वेगळा करून विकता येईल असे कंपनीचे मत असावे लागते. कोबाल्टच्या बाबतीत हे विशेष बघा. कागदावर त्याची किंमत डोळ्यांत भरते, पण निकेल कॉन्सन्ट्रेटमधल्या कोबाल्टला मिळणारा भाव अगदीच तोकडा असू शकतो.

प्रश्न (रत्नागिरी) : इंडोनेशियातले निकेल जांभ्या दगडात मिळते असे वाचले. आमच्याकडे सगळा जांभाच आहे. मग कोकणात निकेल का नाही?

जांभा कशाचा झाला यावर सगळे अवलंबून आहे. उष्ण, पावसाळी हवेत खडक लाखो वर्षे कुजतो, सिलिका आणि मॅग्नेशियम वाहून जाते आणि न विरघळणारे मागे साचते. इंडोनेशियात, न्यू कॅलेडोनियात खालचा खडक पेरिडोटाइट आहे, त्यात आधीच ०.२ ते ०.३ टक्के निकेल. ते पाच-सहा पट साचले की १ ते दीड टक्का होते आणि खाण निघते. कोकणातला बराचसा जांभा दख्खनच्या बेसॉल्टवर तयार झाला आहे. बेसॉल्टमध्ये निकेल याच्या वीसेक पटींनी कमी. ते कितीही साचले तरी चिऱ्याचा चिराच. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम साचले तिथे बॉक्साइट झाले, म्हणून तुमच्याकडे आणि कोल्हापूरकडे बॉक्साइटच्या खाणी आहेत.

भारतात निकेलचा जांभा आहे तो मुख्यतः ओडिशात, सुकिंदा खोऱ्यात, क्रोमाइटच्या खाणींवरच्या ओव्हरबर्डनमध्ये, म्हणजे खनिजावरून काढून टाकलेल्या थरात. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सच्या वार्षिक ग्रंथातल्या नोंदीनुसार देशातल्या सुमारे १८ कोटी ९० लाख टन निकेलखनिजापैकी ९२ टक्के ओडिशात आहे, आणि ते सगळे ‘रिसोर्स’ या वर्गात; ‘रिझर्व्ह’ शून्य (या दोहोंतला फरक पुढच्या प्रश्नात). ग्रेड एक टक्क्याच्या आत, त्यातही निकेल गोथाइट या लोहखनिजात गुंतलेले, त्यामुळे स्वस्तात सुटे होत नाही. गोव्यात कुंकळ्ळीला निकेल-कोबाल्टचा कारखाना आहे, वेदांतने तो डिसेंबर २०२१ मध्ये घेतला. पण त्याच्यामागे गोव्यातली खाण नाही.

गुंतवणूकदाराने जांभ्यातल्या निकेलकडे कसे पाहावे, हेही विचारलेच आहे असे समजून सांगतो. वरच्या पिवळ्या-तांबड्या थराला लिमोनाइट म्हणतात, खालच्या हिरवट थराला सॅप्रोलाइट. सॅप्रोलाइटमध्ये निकेल दीड ते अडीच टक्के. ते विजेच्या भट्टीत वितळवून फेरोनिकेल किंवा निकेल पिग आयर्न करतात. इथे खर्च म्हणजे वीज आणि कोळसा. लिमोनाइटसाठी उच्चदाब आम्लप्रक्रिया : सुमारे २५० अंश सेल्सिअस, हवेच्या चाळीसपटीहून जास्त दाब, टायटॅनियमचे अस्तर लावलेली ऑटोक्लेव्ह (बंद दाबपात्रे), आणि टनामागे २५० ते ४०० किलो सल्फ्युरिक अ‍ॅसिड. मॅग्नेशियम वाढले की अ‍ॅसिड वाढते, म्हणून चाचणीत निकेलइतकाच मॅग्नेशियमचा रकाना महत्त्वाचा. गंधक महागले की अशा प्रकल्पाचा नफा आटतो.

या प्रक्रियेने भल्याभल्यांचे हात पोळले आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियात नव्वदीच्या अखेरीस बुलाँग, कॉज आणि मरिन मरिन हे तीन कारखाने उभे राहिले. तिन्ही ठरलेल्या क्षमतेपर्यंत पोचताना अडखळले. बीएचपीने सुमारे २२० कोटी डॉलर घालून रेव्हन्सथॉर्प उभारले, मे २००८ मध्ये उद्घाटन केले, जानेवारी २००९ मध्ये बंद केले आणि पुढे ३४ कोटींना विकून टाकले. झडपा गंजतात, नळ्यांत पापुद्रे साचतात, गाळ बसत नाही. पहिल्या वर्षी पूर्ण क्षमता गाठू असे लिहिणारा अहवाल आम्ही तिथेच मिटून ठेवू.

शेवटचा मुद्दा ओलाव्याचा. जांभ्याच्या खनिजात तीस-पस्तीस टक्के पाणी असते. लासलगावला ओला कांदा घेणारा व्यापारी जशी घट धरतो तशी इथे धरावी लागते. ग्रेड कोरड्या टनावर, वाहतूकखर्च ओल्या टनावर. अहवालात ‘टन’ एवढेच लिहिले असेल तर ओला की कोरडा ते शोधा.

प्रश्न (नागपूर) : रिसोर्स आणि रिझर्व्ह यांत नेमका फरक काय? तीनशे पानी अहवालात आधी काय वाचावे?

रिसोर्स म्हणजे जमिनीत किती आहे याचा अंदाज. रिझर्व्ह म्हणजे त्यातले किती नफ्यात काढता येईल याचा अभ्यास करून उरलेला भाग. रिसोर्सचे तीन वर्ग : इन्फर्ड, इंडिकेटेड, मेझर्ड. इन्फर्डमध्ये ड्रिल होल एकमेकांपासून इतकी दूर असतात की मधला खडक निव्वळ तर्काने भरलेला असतो. त्यावरून रिझर्व्ह जाहीर करता येत नाही. प्राथमिक आर्थिक अभ्यासात मात्र इन्फर्ड टन वापरले जातात, आणि सुंदर आलेख बहुधा तिथूनच येतात. अशा अभ्यासातल्या खर्चाचा अंदाज ३० ते ५० टक्क्यांनी इकडेतिकडे असतो. अंतिम व्यवहार्यता अभ्यासात १० ते १५ टक्क्यांनी.

कॅनडाच्या ४३-१०१ नियमानुसार लिहिलेल्या अहवालात आयटमचे क्रमांक ठरलेले आहेत. आम्ही सारांश सोडून आधी आयटम १३ उघडू, म्हणजे धातुशास्त्रीय चाचण्या. किती नमुने घेतले, ते साठ्याच्या कोणकोणत्या भागातले, सगळे एकाच श्रीमंत कोपऱ्यातले तर नाहीत? मग ११ आणि १२ : नमुन्यांची तयारी आणि पडताळणी. दर वीस नमुन्यांमागे एखादा प्रमाणित (ग्रेड आधीच माहीत असलेला), एखादा कोरा (धातू नसलेला) आणि एखादा दुहेरी नमुना घातला होता का, आणि ते नापास झाले तेव्हा काय केले. मग १४, साठ्याचा अंदाज. त्यात टॉप-कट, होलमधले अंतर आणि घनता. घनतेकडे दुर्लक्ष होते. भरीव सल्फाइडची घनता ४.२ च्या पुढे, विरळ सल्फाइडच्या खडकाची तीनच्या आसपास. सगळीकडे एकच आकडा लावला असेल तर टन चुकलेच. त्यानंतर १९, विक्रीचे करार. आणि शेवटी २१ व २२, खर्च आणि नफा. नक्त वर्तमान मूल्य (पुढच्या नफ्याची आजची किंमत) काढताना सोन्याला ५ टक्के आणि निकेलसारख्या धातूला ८ टक्के व्याजदर लावण्याची रीत आहे. निकेलच्या प्रकल्पाला ५ टक्के लावलेले दिसले तर पेन्सिल काढा.

तुम्ही नागपूरकर आहात. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचे मुख्यालय तुमच्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. त्यांचा ‘इंडियन मिनरल्स इयरबुक’ संकेतस्थळावर फुकट मिळतो. निकेल, सोने आणि प्लॅटिनम गट यांची प्रकरणे वेगवेगळी आहेत.

प्रश्न (पुणे) : ब्री-एक्ससारखी फसवणूक बाहेरून ओळखता येते का?

सगळी नाही, पण त्या प्रकरणात खुणा होत्या. इंडोनेशियातल्या बुसांग इथे ब्री-एक्स कंपनीने सात कोटी औंसांचे सोने असल्याचे जाहीर केले होते. १९९७ च्या मार्चमध्ये भागीदार म्हणून आलेल्या फ्रीपोर्टने स्वतः ड्रिल केले तेव्हा सोने नगण्य निघाले, आणि मे महिन्यात स्वतंत्र तपासणीने नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे स्पष्ट केले. खूण पहिली : कोअर (ड्रिलमधून निघालेला दगडाचा दांडा) उभा अर्धा कापून निम्मा ठेवण्याची पद्धत असते, तिथे जवळपास सगळाच दळला जात होता, म्हणजे पुन्हा तपासायला काही उरत नव्हते. दुसरी : सोन्याचे दाणे नदीत घासून गुळगुळीत झाल्यासारखे, कठीण खडकातल्यासारखे नव्हते. तिसरी : दर नव्या जाहीरनाम्यात साठा वाढतच जायचा.

म्हणून विचारावे : निम्मा कोअर कुठे ठेवला आहे, दुसऱ्या प्रयोगशाळेने किती नमुने तपासले, आणि कंपनीच्या पगारावर नसलेला भूवैज्ञानिक जागेवर कधी जाऊन आला. कॅनडाचा ४३-१०१ नियम २००१ मध्ये आला तो याच धक्क्यानंतर.

पण बहुतेक पैसा फसवणुकीत नाही, उतावीळपणात जातो. ऑस्ट्रेलियातल्या पोसायडन कंपनीचा विंडारा इथल्या निकेलचा शोध खरा होता. सप्टेंबर १९६९ मध्ये शेअर ८० सेंटच्या आसपास, फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलर. पुढे ग्रेड अपेक्षेपेक्षा कमी निघाली, निकेलचा भावही उतरला आणि १९७६ मध्ये कंपनी बाजाराच्या यादीतून गेली. कॅनडातले व्हॉइझीज बे तर जगातल्या उत्तम निकेल शोधांपैकी एक. शोध १९९३ चा, उत्पादन २००५ चे.

प्रश्न (न्यू जर्सी) : दक्षिण आफ्रिकेच्या प्लॅटिनम खाणी ‘४ई’ ग्रेड देतात आणि अमेरिकेतली स्टिलवॉटर ‘२ई’. तुलना कशी करावी?

४ई म्हणजे प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम आणि सोने यांच्या ग्रॅमची बेरीज. २ई म्हणजे फक्त पहिले दोन. बेरीज सारखी असली तरी किंमत सारखी नसते, म्हणून प्रत्येक धातूचा हिस्सा मागा; खाणकंपन्या त्याला प्रिल स्प्लिट म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डमधल्या मेरेन्स्की रीफमध्ये (रीफ म्हणजे धातू असलेला पातळ थर) प्लॅटिनमचा वाटा मोठा. यूजी-२ थरात रोडियम जास्त. स्टिलवॉटरच्या जे-एम रीफमध्ये पॅलेडियम प्लॅटिनमच्या तिपटीहून अधिक, पण ग्रेड उंच. रोडियमचा भाव मार्च २०२१ मध्ये औंसाला २९,००० डॉलरच्या घरात होता आणि २०२३ मध्ये पाच हजारांच्या खाली आला. टनाला अर्धा ग्रॅम रोडियम असलेल्या खाणीचा ताळेबंद त्या दोन वर्षांत ओळखू येत नाही. पॅलेडियम आणि रोडियमचा मोठा ग्राहक पेट्रोल गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, आणि निव्वळ बॅटरीवरच्या गाडीला तो लागत नाही.

आणखी काही तपशील. रीफ मीटरभर जाडीची असते, पण माणूस आणि यंत्र शिरायला त्याहून जास्त खोदावे लागते. त्यामुळे ‘रीफची ग्रेड’ आणि ‘गिरणीत गेलेली ग्रेड’ यांत मोठा फरक. शिवाय मेरेन्स्कीमध्ये थर अचानक खाली घसरतो. त्याला पॉटहोल म्हणतात आणि तेवढा भाग सोडून द्यावा लागतो. यूजी-२ हा क्रोमाइटचा थर आहे. कॉन्सन्ट्रेटमध्ये क्रोमियम जास्त गेले की भट्टीत साचते आणि भट्टी बंद पडते. स्वतःची भट्टी नसलेल्या नव्या कंपनीने हा माल कोण घेणार, हे करारासह दाखवायला हवे.

प्रश्न (डोंबिवली) : निकेलचा भाव इतका खाली आहे, मग आताच खरेदी करावी ना?

इंडोनेशियाकडे न पाहता केलेला कोणताही निकेलचा अंदाज आम्ही वाचत नाही. त्या देशाने १ जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेलखनिजाची निर्यात बंद केली, चिनी भांडवलाने तिथेच भट्ट्या उभ्या राहिल्या आणि जगातले निम्म्याहून जास्त निकेल आता एकट्या इंडोनेशियातून निघते. भाव जरा वर गेला की तिथला पुरवठा वाढू शकतो. सोन्यात असे एकट्या देशाचे वर्चस्व नाही. मार्च २०२२ मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेले, सौदे रद्द झाले आणि आठवडाभर व्यवहार बंद राहिले. तो भाव तुटवड्याचा नव्हता, अडकलेल्या सौद्यांचा होता. त्या वर्षाची सरासरी गृहीत धरणारा अहवाल बाद समजा. टनाला १५,००० डॉलर भावातही रोख शिल्लक दाखवणारी खाण असेल तर पुढे बोलू.

प्रश्न (सांगली) : खनिज चांगले आहे, पण शेअर वाढत नाही. वर्षानुवर्षे तेच. कारण काय?

बहुधा तुमचा हिस्सा झिरपतो आहे. समजा कंपनीचे २० कोटी शेअर आहेत, भाव १० सेंट. ड्रिलिंगला ५० लाख डॉलर हवेत. बाजारभावापेक्षा स्वस्त, ८ सेंटने शेअर विकतात, म्हणजे ६ कोटी २५ लाख नवे. वर दर दोन शेअरांमागे एक वॉरंट, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने नवा शेअर घेण्याचा हक्क. तुमच्याकडे आधी १ टक्का होता तो ०.७६ झाला, वॉरंट वापरले गेले की ०.६८. असे वर्षातून एकदा झाले तर चौथ्या वर्षी साठा चौपट होऊनही तुम्ही आहात तिथेच. ऑस्ट्रेलियन कंपन्यांच्या तिमाही ‘अपेंडिक्स ५बी’मध्ये शिल्लक रोकड किती तिमाही पुरेल हा आकडा सरळ छापलेला असतो. दोनच्या खाली असेल तर नवे शेअर येणार हे धरून चाला आणि त्यांची किंमत कळेपर्यंत थांबा.

दुसरी गळती स्ट्रीमची. कंपनी आज रोख घेते आणि भविष्यातला मौल्यवान धातू कमी भावाने देण्याचे लिहून देते. सिबान्ये-स्टिलवॉटरने २०१८ मध्ये ५० कोटी डॉलर घेऊन स्टिलवॉटरच्या खाणींतले सगळे सोने आणि पॅलेडियमचा साडेचार टक्के हिस्सा असा बांधून दिला. मोठ्या कंपनीला ते पेलते. लहान निकेल कंपनीने मात्र प्लॅटिनम-पॅलेडियम आधीच विकलेले असेल, तर वरच्या ‘समतुल्य ग्रेड’मधून ते धातू खोडून पुन्हा बेरीज करा.

प्रश्न (सोलापूर) : एका ओळखीच्या माणसाने टांझानियातल्या सोन्याच्या खाणीत पैसे घालायला सांगितले आहे. महिन्याला ३ टक्के हमी, आणि ‘प्रायमरी मायनिंग लायसन्स’ची प्रत दाखवली. घालू का?

नाही. टांझानियात तो परवाना फक्त तिथल्या नागरिकांना मिळतो. तुम्ही त्यात मालक होऊच शकत नाही. आणि खाणीचे उत्पन्न पावसावर, पंपावर, शिरेच्या जाडीवर चालते, ते महिन्याच्या हमीने येत नाही. पैसे देऊन झाले असतील तर पावत्या, बँकेचे तपशील आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश पुसू नका, आणि पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार द्या. ‘आणखी थोडे भरा, मग सगळे सुटेल’ असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका.